सिन्नरमार्गे चंद्रापर्यंत

नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत रोज गाडीवर जाणाऱ्या माणसाचा हिशोब मांडून बघा. जायचे ३० किलोमीटर, यायचे ३०. वर्षाला कामाचे दिवस २८० धरले तर १६,८०० किलोमीटर होतात. नोकरी तीस वर्षांची धरली तर ५,०४,००० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे या गृहस्थाच्या साडेबारा पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. निवृत्तीच्या दिवशी हा माणूस चंद्रावर जाऊन परतीच्या वाटेवर एक लाख वीस हजार किलोमीटर उतरलेला असतो. सिडकोतून सातपूरला जाणाऱ्याचं अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण तीस वर्षांत त्याच्याही तीन प्रदक्षिणा सहज होतात.

चंद्रावर जाणाऱ्यांनी अंगात काय घालायचं, यावर नासानं वर्षानुवर्षं डोकं लढवलं. आपला माणूस निघतो तो इस्त्रीचा शर्ट, टेरिकॉटची पँट, पाठीला डब्याची सॅक आणि हेल्मेट अशा सरंजामात. त्यातलं हेल्मेट बऱ्याचदा कोपरात अडकवलेलं असतं. पुढे चौकात पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं. कोपराच्या सुरक्षेबाबत नाशिककर देशात अव्वल असावेत.

यातला विनोद लवकर संपतो, कारण पुढचे आकडे तसे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. हा शेवटचा आकडा शिफ्टच्या भाषेत मांडला तर आठ तासांच्या एका शिफ्टमध्ये सुमारे ४६ माणसं होतात. फर्स्ट, सेकंड, थर्ड, तिन्ही शिफ्ट, आणि रविवारचीही सुट्टी नाही. हेल्मेट असतं तर सगळेच वाचले असते असं नाही. कॉक्रेन संस्थेनं २००८ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते असं निघालं. पन्नास हजारांचे ४२ टक्के म्हणजे एकवीस हजार. रोजची एक एसटी, उभ्या प्रवाशांसकट गच्च भरलेली.

नाशिकला हे सगळं पाठ आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं. पंपावर हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही. लोकांनी त्यावर उपायही लगेच शोधला. मागच्याचं हेल्मेट दोन मिनिटांसाठी मागून घ्यायचं, पेट्रोल भरायचं आणि परत द्यायचं. पेट्रोल भरताना डोकं सुरक्षित राहिलं, एवढं नक्की.

पण सक्ती झाली की माणूस ‘काहीतरी’ घेतो, आणि खरा घोळ या ‘काहीतरी’त आहे. दुकानात बहुतेक जण तीन गोष्टी विचारतात: कितीला, कुठला रंग आणि हलकं आहे का. ज्या आकड्यांवर जीव टांगलेला असतो ते लेबलावर बारीक अक्षरांत छापलेले असतात आणि कुणी वाचत नाही. लाख-कोटींचे आकडे ऐकून आपण बधिर होतो. गाडीवर घालायच्या वस्तू निवडताना उपयोगी पडतात ते मिलिमीटर, सेकंद आणि १ की २ असले किरकोळ आकडे.

वेगापासून सुरुवात करू. ताशी ६० हा आपल्याला वेगच वाटत नाही. उड्डाणपुलावर साठनं चालणाऱ्याला मागचे हॉर्न देतात. पण ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. तेवढा वेग नुसतं खाली पडून मिळवायचा असेल तर १४ मीटरवरून, म्हणजे साधारण पाचव्या मजल्याच्या उंचीवरून उडी मारावी लागेल. ताशी ४० ला सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजल्यांची उंची. ताशी ८० ला पंचवीस मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. बाल्कनीच्या कठड्यावर बसायला आपण घाबरतो आणि मुंबई नाक्यावरून निघताना एका मिनिटात त्याहून उंच चढतो, तेही कठड्याशिवाय.

आता गंमत अशी, की हेल्मेट काही पाच मजल्यांसाठी बनवलेलं नसतं. युरोपातल्या ईसीई २२.०५ या प्रसिद्ध जुन्या चाचणीत हेल्मेट आपटत ते सेकंदाला ७.५ मीटर वेगानं, म्हणजे ताशी फक्त २७. पहिल्यांदा हे वाचलं की फसवणूक वाटते. गाडी साठची आणि हेल्मेट सत्तावीसचं? पण गाडी घसरून माणूस पडतो तेव्हा डोकं जमिनीकडे येतं ते दीड मीटर उंचीवरून, आणि त्या उभ्या दिशेतला वेग ताशी वीसच्या आतच असतो. उरलेला वेग आडवा असतो, तो घसरण्यात जातो. म्हणून सत्तावीसची चाचणी निरर्थक नाही, उलट तिच्यात थोडा राखीव हात आहे. मात्र डोकं सरळ दुभाजकावर किंवा उभ्या ट्रकच्या फाळक्यावर साठच्या वेगानं गेलं, तर ऊर्जा चाचणीच्या जवळपास पाचपट होते, आणि तिथे कुठलंच हेल्मेट हमी देत नाही. हेल्मेट घातलं म्हणून उडवायला मोकळे, असं समजणाऱ्यांनी हा पाचाचा आकडा लक्षात ठेवावा.

त्या सत्तावीसच्या आघातात आत काय होतं? डोकं थेट काँक्रीटवर आलं तर ते दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबतं. तीन मिलिमीटर धरले तर थांबण्याचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साडेनऊशे पट भरतो. मध्ये दाबला जाणारा २५ मिलिमीटरचा फोम आला, तर तोच झटका सरासरी ११५ पटींवर उतरतो. चाचणीत क्षणिक कमाल मर्यादा होती २७५ पट. हा सगळा प्रकार सेकंदाच्या दीडशेव्या भागात संपतो. पापणी लवायला याच्या चाळीसपट वेळ लागतो. म्हणजे हेल्मेट विकत घेताना आपण खरं तर बोटाच्या पेरापेक्षा थोडा जाड असा एक थर विकत घेतो. तो थर टीव्हीच्या खोक्यात येणाऱ्या थर्माकोलचाच चुलतभाऊ आहे आणि त्यात बहुतांश हवाच असते. वरचं चकचकीत कवच, स्टिकर, व्हायझर हे सगळं नंतर. हा फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, त्यामुळे जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतून संपलेलं असतं. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्या हेल्मेटात हात घालून बघा. आत बोटानं दाबला की तळाला टेकणारा स्पंज लागला, तर ती टोपी आहे.

२५ मिलिमीटरची ही अक्कल यायला जगाला एका प्रसिद्ध माणसाचा जीव द्यावा लागला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ ला इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. ते प्रकरण त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. १९४१ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांवर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्याकडे निकृष्ट हेल्मेट विकायला बंदी घालणारा आदेश २०२० च्या नोव्हेंबरात निघाला आणि १ जून २०२१ पासून लागू झाला: दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाचं, आयएस ४१५१ या मानकाचंच हवं. केर्न्स यांच्या लेखाला तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती.

दुसरा प्रश्न असतो: अर्धं घ्यायचं की पूर्ण? जर्मनीत हॅनोव्हरला डिटमार ओटे यांनी खऱ्या अपघातांतल्या हेल्मेटवरच्या खुणा मोजल्या. सुमारे ३५ टक्के आघात हनुवटीच्या पट्ट्यात होते. तोंड उघडं ठेवणारं हेल्मेट घेणारा माणूस पैसे देऊन पासष्ट टक्के हेल्मेट घेतो. गुदमरतं, चष्मा धुकटतो, बोललेलं ऐकू येत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला द्वारकेच्या सिग्नलवर पूर्ण हेल्मेट घालून उभं राहणं ही शिक्षाच आहे. तरी ती मिनिटांची आहे.

रंगाचं मात्र सोपं आहे आणि फुकटही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेल्या एका अभ्यासात (तो २००४ मध्ये छापून आला) काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना इजेच्या अपघाताचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला, आणि चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्क्यांनी. एकाच मॉडेलचं पांढरं आणि काळं हेल्मेट बहुधा एकाच किमतीला मिळतं. दुकानात खप मात्र मॅट ब्लॅकचा.

इथवर डोक्याचं झालं. आता त्या आडव्या वेगाकडे वळू, कारण बहुतेकांची खरेदी हेल्मेटपाशीच थांबते.

ताशी ६० वरून माणूस डांबरावर पडला की घर्षणानं थांबायला त्याला साधारण वीस मीटर आणि अडीच सेकंद लागतात. ताशी ४० वरून नऊ मीटर, दीड सेकंद. अडीच सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण आपली कातडी बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटर जाड असते. युरोपात कपड्यांच्या जुन्या चाचणीत जाड्याभरड्या सँडपेपरचा पट्टा सेकंदाला आठ मीटर वेगानं फिरवून त्यावर कापड टेकवत आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजत. पास व्हायला महत्त्वाच्या भागांना किमान चार सेकंद टिकावं लागे, वरच्या दर्जाला सात. साधी जीन्स एका सेकंदाच्या आतच फाटते. म्हणजे अडीच सेकंदांच्या घसरणीत जीन्सचा वाटा सुरुवातीचा, बाकीचा आपला. टेरिकॉटबद्दल बोलायलाच नको, ती घर्षणानं वितळून अंगाला चिकटते.

नव्या युरोपीय मानकात जर्किनवर अक्षरं असतात: ए, डबल ए, ट्रिपल ए. जिथे सर्वात जास्त घासतं अशा भागांसाठी ए ची चाचणी ताशी ४५ च्या हिशोबानं होते, डबल ए ची ७० च्या आणि ट्रिपल ए ची १२० च्या. हा तक्ता कळला की निवड सोपी होते. शहरातल्या शहरात, सातपूर-अंबड-नाशिकरोड करणाऱ्याला ए चं जाळीदार जर्किन पुरेसं आहे, आणि उन्हाळ्यात तो ते खरोखर घालेल. सिन्नर किंवा गोंद्याला महामार्गानं जाणाऱ्यानं डबल ए बघावं. ट्रिपल ए चं चामडं घेऊन मे महिन्यात कामावर जाणारा माणूस आठवडाभरात ते कपाटात टांगतो, आणि कपाटाला अपघात होत नाहीत. हेल्मेटसारखी जर्किनला आपल्याकडे सक्तीची खूण नाही, म्हणून आतला शिवलेला टॅग स्वतःच वाचावा लागतो.

टॅगवरून निघतो तो मला सर्वात चक्रावणारा वाटलेला आकडा. जर्किनच्या खांद्यात, कोपरात जे पॅड असतात त्यांची चाचणी ५० ज्यूलची. म्हणजे पाच किलोचं वजन एक मीटरवरून टाकायचं आणि पॅडच्या खालपर्यंत किती जोर पोचतो ते मोजायचं. लेव्हल १ चं पॅड पास व्हायला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत आलेला चालतो. हे रोजच्या भाषेत साडेतीन टन होतात. साडेतीन टन खांद्यावर आले तरी पॅड ‘पास’! लेव्हल २ ला मर्यादा २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टन. पाठीच्या पॅडची मोजणी वेगळ्या मानकानं होते: लेव्हल १ ला १८, लेव्हल २ ला ९. हा जोर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, म्हणून हाड लगेच भुगा होत नाही. पण १ आणि २ या दोन आकड्यांत खांद्यावरच्या दीड टनाचा फरक लपलेला आहे, आणि पॅड बदलून घ्यायला जर्किन नवं घ्यावं लागत नाही. बऱ्याच जर्किनांत पाठीला तर नुसता स्पंजाचा तुकडा असतो. तो काढून डब्याखाली ठेवायला बरा.

आणि इथे नाशिकच्या कामगाराची एक विचित्र अवस्था दिसते. कंपनीनं दिलेले सेफ्टी शूज त्याच्या पायात असतात. त्यांच्या पुढच्या टोपीची चाचणी २०० ज्यूलची, जर्किनच्या पॅडच्या चौपट. कारखान्यात हातमोजे, गॉगल, हेल्मेट, सगळं मोजूनमापून. गेटवर ‘सेफ्टी फर्स्ट’ची पाटी. शिफ्ट सुटली की हातमोजे लॉकरमध्ये जातात, आणि हा माणूस जागच्या जागी चालणाऱ्या यंत्रापासून उठून सेकंदाला सोळा मीटर पळणाऱ्या यंत्रावर बसतो. त्याच्या सबंध देहात सर्वात सुरक्षित अवयव म्हणजे पायाचा अंगठा.

हातमोज्यांचं तर अगदीच सोडून दिलेलं दिसतं. पडताना माणूस आधी हात टेकतो, ते त्याच्या हातात नसतं. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचा अभ्यास केला. गाडीसाठीचं जर्किन घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी होती, पँट घातलेल्यांची ५१ टक्क्यांनी, हातमोजे घातलेल्यांची ५९ टक्क्यांनी. तिघांत सर्वात स्वस्त असतात ते हातमोजे. याच अभ्यासात दुसरी बाजूही निघाली: अपघातात सापडलेल्या जर्किनांपैकी जवळपास ३० टक्के आणि हातमोज्यांपैकी चौथा हिस्सा फाटले किंवा उसवले. नुसतं ‘रायडिंग’ लिहिलेलं पुरत नाही, शिवण ओढून बघावी.

पैशांचं बोलू. हेल्मेट तीन हजार, हातमोजे दीड हजार, जर्किन सात हजार धरा. साडेअकरा हजार झाले. पाच वर्षं वापरलं तर कामाचे १,४०० दिवस होतात, म्हणजे रोजचे सव्वाआठ रुपये. सिन्नरवाल्याची गाडी लिटरला पन्नास देत असेल तर रोज सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं, म्हणजे सव्वाशेच्या घरात खर्च. ते भरताना आपण घासाघीस करत नाही, कारण तिथे करताच येत नाही.

राहिला पाऊस, आणि या जिल्ह्यात पाऊस हे वेगळंच प्रकरण आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि सिन्नरकडे पाच-सहाशे. एकाच जिल्ह्यात, दोन तासांच्या रस्त्यावर, पाचपटींचा फरक. तासाला २० मिलिमीटरच्या सरींत हवेच्या प्रत्येक घनमीटरात जेमतेम पाऊण ग्रॅम पाणी लटकलेलं असतं. आकडा क्षुल्लक आहे. पण गाडीवर बसलेल्या माणसाचं समोरून दिसणारं अंग अर्धा चौरस मीटर धरलं, तर २० किलोमीटरच्या वाटेत तो दहा हजार घनमीटर हवा कापत जातो. हिशोब केला तर सात-आठ लिटर पाणी नुसतं समोरून अंगावर येतं! वरून पडणारं आणखी वेगळं.

यात आणखी एक मजा आहे. समोरून लागणारं पाणी वेगावर नव्हे, अंतरावर ठरतं. चाळीसनं जा नाहीतर साठनं, वीस किलोमीटरचे सात-आठ लिटर ठरलेलेच. भिजू नये म्हणून गाडी पळवणारे वाचवतात ते फक्त वरचं पाणी. म्हणून रेनकोट घेताना पाठ-खांद्यांपेक्षा समोरची चेन, तिच्यावरची पट्टी आणि मांडीपाशी पाणी साचतं ती जागा आधी तपासावी. खांद्यावर कोरडं आणि बेंबीपाशी तळं, हा अनुभव घोटी-गोंदे करणाऱ्यांना नवा नाही. थंडीत निफाडकडचा पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा हाच बंद गळ्याचा रेनकोट वरून चढवला की वारा अडतो. पहाटेच्या शिफ्टवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलेलं नाही.

शेवटी मागच्या सीटचं. हेल्मेट नसलेल्या त्या ५०,०२९ मृतांत चालवणारे ३५,६९२ होते आणि मागे बसलेले १४,३३७. नवी दुचाकी घेताना कंपनीनं आयएसआय हेल्मेट द्यावं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे; एकाऐवजी दोन द्यावीत असा मसुदा जून २०२५ मध्ये निघाला. कामावर जाता जाता मुलाला बालवाडीत सोडणाऱ्यांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून आणखी एक नियम लागू आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० च्या आत. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण पन्नास सेंटिमीटर असतो, मोठ्या माणसाचा पंचावन्न ते साठ. फरक थोडाच दिसतो म्हणून घरातलं मोठं हेल्मेट पोराला चढवतात, आणि ते पहिल्याच झटक्याला निघून येतं. दुकानात जाताना शिवणकामाची टेप खिशात टाकावी. भुवईच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवायची, सेंटिमीटरमध्ये आकडा घ्यायचा आणि हेल्मेटच्या मागे लिहिलेला आकडा त्याच्याशी जुळवायचा. ‘एम’ किंवा ‘एल’वर जाऊ नये, प्रत्येक कंपनीचा ‘एम’ निराळा असतो.